ग्रुपवर टाकलं होतं

पहिल्या स्लॅबच्या दिवशी सकाळी साडेआठला आरएमसीची (तयार काँक्रीटची) पहिली गाडी गेटवर आली आणि वरून प्लंबरने हाक मारली, "मॅडम, डक्ट नक्की कुठे धरायचं?"

मी साइट इंजिनिअर; वर गेले. तो मोबाइलवर ड्रॉइंग उघडून उभा. त्याच्याकडे आर३, म्हणजे तिसरं सुधारित ड्रॉइंग. खाली बांधलेली सळई आधीच्या आर२ प्रमाणे. डक्टचा कटआउट (पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडायचं भोक) ४५० मिलिमीटर सरकला होता, आणि नवी जागा जाळीने गच्च भरलेली.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अरे, सोमवारीच ग्रुपवर टाकलं होतं!"

टाकलं होतंच. रात्री ९:४० ला, जेवता जेवता. सकाळपर्यंत अकरा अंगठे आले होते, त्यात सळई बांधणाऱ्या फिटरांच्या मुकादमाचाही एक. पण तो अंगठा म्हणजे "मॅडमचा मेसेज आला" एवढंच. मुकादम बंगालमधल्या मालद्याचा, हिंदी फर्डा बोलतो, ड्रॉइंगही वाचतो, पण कागदावर. ए१ शीट म्हणजे ८४१ बाय ५९४ मिलिमीटर. ती तळहाताएवढ्या स्क्रीनवर बघून कटआउट सरकलाय हे कुणाला कळणार? शिवाय माझ्या मेसेजखाली तोवर दोन वाढदिवस आणि सिमेंटच्या गाडीची चौकशी येऊन गेली होती.

आणि खरं सांगायचं तर चेकिंग मीच केलं होतं. सळईखालचे कव्हर ब्लॉक, सळयांचे जोड म्हणजे लॅप, वरची जाळी उचलून धरणाऱ्या चेअर, सगळं बघितलं. हातातली प्रिंट आर२ ची. स्वतःच फॉरवर्ड केलेलं ड्रॉइंग मी स्वतः छापलं नव्हतं!

सळई कापणं, नव्या भोकाभोवती जादा बार, जुन्या जागी प्लाय... तीन तास गेले. प्लांटवर भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हावी लागते, त्यामुळे ६ क्युबिक मीटर काँक्रीट परत. त्या दिवशी साहेबांनी मला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. सुधारित ड्रॉइंग आलं की मी ए३ प्रिंट काढते, बदलाभोवती लाल पेनने गोल करते आणि जिन्याजवळच्या भिंतीवर चिकटवते. जुनी प्रिंट आपल्या हाताने काढून फाडायची. हे महत्त्वाचं, कारण साइटवर जुना कागद कधी मरत नाही, कुणाच्या तरी खिशात जिवंत असतो. मग मुकादमाला घेऊन प्रत्यक्ष जागेवर जायचं. शटरिंगवर (स्लॅबच्या साच्यावर) ऑइल पेंटने खूण करायची आणि म्हणायचं, "अब आप बताओ, क्या करना है." तो सांगतो. दहापैकी दोन-तीनदा वेगळंच सांगतो, आणि तिथेच सगळं वसूल होतं. सुरुवातीला त्याला हे परीक्षेसारखं वाटायचं, थोडा चिडायचाही. आता तोच पोरांकडून वदवून घेतो.

ड्रॉइंग देणाऱ्या कन्सल्टंटशी मात्र ईमेलच. फोनवर "हो हो, चालेल" म्हणणारा माणूस दोन महिन्यांनी "मी असं कधी म्हटलं?" विचारतो, हा अनुभव नसलेला इंजिनिअर मला दाखवा. फोनवर ठरलं तरी संध्याकाळी दोन ओळी लिहून पाठवते.

ग्रुप अजून आहे. फोटो आणि गाड्यांच्या वेळा, बस. व्हॉइस नोट मुकादमाला चालते, पण तीस सेकंदांच्या आत; माझी पहिली चार मिनिटांची होती, ती कुणीच शेवटपर्यंत ऐकली नाही. नवऱ्याला ऐकवली तर तोही मध्येच उठून गेला.

इलेक्ट्रिशियनचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो भिंतीवरचा कागद बघत नाही, फोन उचलत नाही, नोट ऐकत नाही. पण रोज अकराला चहाच्या टपरीवर हमखास असतो. सध्या त्याची ड्रॉइंग मी तिथेच उघडते, ग्लास बाजूला सारून.