आधी शंभर पानं, मग राजे

गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. त्यांच्या दशावतारी संचात १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग (आपल्या पत्त्यांत बदाम, इस्पिक असतात तसे) आणि प्रत्येक रंगात बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा साधी. मासिकांत, कॅलेंडरवर किंवा भेटवस्तूंच्या दुकानात काचेखाली जे दिसतं ते या १२० पैकी वीस पानांतलंच. महिरपीतला मत्स्य, घोड्यावरचा प्रधान, भोवती वेलबुट्टी. उरलेल्या शंभर पानांकडे फारसं कुणी बघत नाही, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच शंभरांनी.

मी पुण्यात चित्रं काढून पोट भरते. पाठ्यपुस्तकं, मुलांची मासिकं आणि पावसाळा संपत आला की दिवाळी अंक. या कामात विषय दुसऱ्याचा असतो, मापं दुसऱ्याची, आणि ‘जरा अजून रंगीत करा ना’ हेही दुसऱ्याचंच. त्यामुळे अधूनमधून कुणीही न मागितलेलं काहीतरी करायची मला सवय आहे. यावेळी कोकणावर काहीतरी करायचं एवढंच मनात होतं. आजोळ कुडाळ तालुक्यात. पण माड, समुद्र, कौलारू घर ही कॅलेंडरची चित्रं मला काढायची नव्हती आणि त्यांच्याखेरीज दुसरं काही सुचतही नव्हतं.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गेले ती खरं तर मामेबहिणीला लाकडी फळं घ्यायची होती म्हणून. चितारआळीत तिची खरेदी झाली आणि मोती तलावाकाठून आम्ही वाड्यात शिरलो. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून पानं रंगवत होते. सावंतवाडीची गंजिफा बंद पडायच्या बेतात होती, तेव्हा तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरल्यासुरल्या जुन्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वाड्यातच काम पुन्हा सुरू केलं. हे मी वाचलं होतं. मात्र माणूस समोर बसून सात सेंटिमीटरच्या गोलात नऊ कासवं बसवताना बघणं वेगळं. ती कारागीर बाई पेन्सिलीनं काही आखत नव्हती. आधी मधलं एक, मग त्याच्याभोवती आठ, सगळ्यांची डोकी एकाच दिशेला, शेवटच्या कासवालाही जागा बरोब्बर पुरली. मी म्हटलं, मला हे शिकायचंय, राजापासून सुरुवात करू का? तिनं मान वर न करता सांगितलं, “ताई, आधी एक्का ते दश्शी काढा. हात बसला की राजा आपोआप जमतो.”

मग तिनं कुर्माच्या रंगाची पाच-सहा पानं पंख्यासारखी हातात धरून दाखवली. गोल पान हातात धरलं की दिसतो तो फक्त काठ. तेवढ्यावरून खेळणाऱ्याला कळायला हवं की ही सत्ती की अठ्ठी. रंग कळतो जमिनीवरून, म्हणजे पानाच्या पार्श्वभूमीच्या रंगावरून, आणि आकडा कळतो मांडणीवरून. म्हणून प्रत्येक आकड्याची मांडणी ठरलेली. चित्र देखणं आहे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

पुण्याला परतले ती हे डोक्यात घेऊनच. एका रंगात एक ते दहा मिळून ५५ चिन्हं, दहा रंगांत ५५०. म्हणजे जे काही चिन्ह निवडेन ते ५५ वेळा काढायचंय, आणि ५५ व्या वेळीही त्याचा कंटाळा येता कामा नये. एवढ्या एका अटीनं माझ्या यादीतले निम्मे विषय गळाले. माड गेला, कारण दहा माड गोलात मावत नाहीत. समुद्र गेला, कारण दोन समुद्र म्हणजे काय ते मला कळेना.

पण खरी किल्ली मिळाली ती खेळाच्या नियमांत. गंजिफात हुकूम नसतो. तीन खेळगडी, प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा खेळ रामाच्या राजानं उघडतो, रात्री कृष्णाच्या. गोल पानं पिसता येत नाहीत, म्हणून कापडावर पालथी पसरून कालवतात. आणि सगळ्यात गमतीचा भाग असा की दहापैकी पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या पाचांत बरोबर उलटं, एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात हलकी. मत्स्य ते वामन पहिल्या गटात, परशुराम ते कल्की दुसऱ्या.

हे वाचलं आणि वही उघडून मधोमध रेघ मारली. एका बाजूला, जितकं जास्त तितकं बरं. दुसऱ्या बाजूला, जितकं कमी तितकं बरं. कोकण काढायला माझ्या आजोळच्या माणसांना याहून सरळ प्रश्न विचारता आला नसता.

पहिल्या बाजूला भाताची लोंबी, बांगडा, हापूस, काजू, नारळ. दुसऱ्या बाजूला माकड, फुरसं, गळकं कौल, डंपर आणि चाकरमान्याची पिशवी. माकडावर घरात एकमत होतं. बागेत एक आलं तर हाकलता येतं, दहा आली तर त्या वर्षी केळी विसरायच्या. (जुन्या काही संचांत रामाच्या रंगावर बाण असतात, काहींत माकडंच, तेव्हा परंपरेच्या फार बाहेर गेले असंही नाही.) डंपर मामेभावानं सुचवला. खाणीची माती वाहणाऱ्या गाड्या ज्या रस्त्यानं जातात त्या रस्त्याला राहणाऱ्या माणसाला वेगळं काही सुचवायला सांगू नये.

वाद झाला पिशवीवरून. गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी आणि त्याच्या चेन तुटायला आलेल्या पिशव्या. मला वाटलं एक पाहुणा ठीक, दहा म्हणजे मामीचे हाल. मामीला फोनवर यादी वाचून दाखवली तर ती उखडलीच. “हाल कसले गो? धा इले तरच गणपती!” वर्षभर ती, मामा आणि एक कुत्रा एवढेच त्या घरात असतात हे मला माहीत होतं, तरी पिशवी मी चुलीपाशी उभं राहणाऱ्या बाईचा विचार करून उलट्या रांगेत टाकली होती. मामीच्या हुकुमावरून पिशवी ‘जास्त तितकं बरं’मध्ये गेली. नारळ काढून टाकला. तसाही गोलात गोल काढण्यात काही मजा येत नव्हती. आता उलट्या बाजूला एक जागा रिकामी होती. तिथं काय घालायचं हे वेगळं शोधावं लागलं नाही. पिशव्या आल्या की जी उघडतात ती. मामीच्या वाडीत ओळीनं बंद घरं आहेत. दहावा रंग झाला कुलूप.

प्रेरणा कुठून मिळते, असं कुणी विचारलं की चित्रकार समुद्रकिनारे, आजीच्या गोष्टी वगैरे सांगतात. माझ्या बाबतीत एका खेळाच्या नियमानं आणि मामीच्या ओरड्यानं काम केलं. समुद्रकिनाऱ्यावर मी गेले तेव्हा फक्त बांगडे खाल्ले.

आता प्रत्यक्ष पानं. हल्ली बरेच जण जाड पुठ्ठ्यावर रंगवतात आणि त्यात काही वावगं नाही, पण मला जुनी पद्धत करून बघायची होती. चिंचोके भाजायचे, भिजत घालायचे, वरची तपकिरी सालं सोलायची, पांढरा गर वाटायचा आणि पाण्यात शिजवून खळ करायची. सालं सोलताना नखं दुखतात. वाटण शिजताना तळाला लागतं, म्हणून सारखं ढवळत राहावं लागतं, आणि दाट झालं की त्याचा जो बुळबुळीत चमकदार लगदा होतो तो कुठल्याही बाजारच्या गोंदापेक्षा चिवट असतो. झुरळांनाही तो आवडतो. पुस्तकबांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, ते मीही घातलं आणि पातेलं कायमचं स्वयंपाकघराबाहेर काढलं.

कापड म्हणून आईचं जुनं सुती पातळ. नवं कापड चालत नाही, त्यातली कांजी गेलेली नसते. थरावर थर खळीनं चिकटवून, फरशीवर पसरून, वर पाटे-वरवंट्यासकट घरातलं जे जड असेल ते ठेवून वाळवलं. पुण्याचा एप्रिल या कामाला फार सोयीचा. कोकणातल्या पावसाळ्यात हेच केलं असतं तर पानांचे पापड झाले असते. वाळलेल्या ठोकळ कापडावर खडूची पूड आणि खळ यांचा लेप, तो सुकला की पॉलिश पेपर, पुन्हा लेप, आणि शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटाई. घोटताना आवाज बदलत जातो. आधी खरखर, मग नुसतं सरकल्यासारखं, आणि मग गोटा घसरायला लागतो. तो घसरायला लागला की पृष्ठभाग झाला. गोल कापण्यासाठी बोहरी आळीतून पोलादी पाइपचा तुकडा आणला आणि लेथवाल्याकडून त्याला धार लावून घेतली. त्या माणसानं ‘हे कशाला?’ म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून पैसे कमी घेतले. का ते मला अजून कळलेलं नाही.

रंगांचा घोळ सगळ्यात लांबला. दहा जमिनी एकमेकींपासून चटकन ओळखू यायला हव्यात, आणि वरून चपड्याचा हात द्यायचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख सोनेरी असते, तिच्याखाली आकाशी हिरवट होतो आणि पांढरा तुपासारखा. म्हणजे रंग डबीत कसा दिसतो याला अर्थ नाही, लाखेखाली आणि रात्री पिवळ्या दिव्यात कसा दिसतो ते बघायचं. मी प्रत्येक रंगाच्या टिकल्या करून, लाख देऊन, दिवाणखान्यातले पांढरे दिवे बंद करून बघत बसले. पिस्ता आणि आकाशी जुळे भाऊ निघाले. जांभळा आणि काळा यांच्यात खेळणाऱ्यांची मारामारी झाली असती. शेवटी हळदी, गेरू, शेंदरी, पोपटी, गडद हिरवा, निळा, डाळिंबी, काळा, पांढरा आणि तपकिरी यांवर आले. गेरूवर पांढऱ्या रेषा काढायची युक्ती कावीची. गोवा-कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल थर खरवडून खालचा पांढरा चुना दाखवतात, ती नक्षी. कौलांचा रंग मी तसाच केला आणि संचातला तो मला सर्वांत आवडतो.

शंभर साधी पानं झाल्यावरच राजांना हात लावला. त्या कारागीर बाईचं म्हणणं तोपर्यंत मला पटलं होतं. बांगडा ५५ वेळा काढला की त्याच्या पाठीवरच्या नागमोडी रेषा हाताला पाठ होतात, मग बांगड्यावर बसलेला राजा काढताना माशाचा विचार करावा लागत नाही. चेहऱ्यांसाठी मी कुडाळजवळच्या पिंगुळीला गेले. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगताना एकेक करून दाखवायची चित्रं, आणि त्यांच्या गठ्ठ्याला म्हणतात पोथी. परशुराम गंगावणे यांनी तिथं उभ्या केलेल्या संग्रहात जुनी चित्रं बघता येतात. या कामासाठी त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतले मोठे, थेट रोखलेले डोळे माझ्या राजांना हवे होते. डोळे घेतले, बाकी कपडे बदलले. कुलपाचा राजा ओटीवर बसलेला म्हातारा, करगोट्याला किल्ली. प्रधान परंपरेनं घोड्यावर असतो. माझे नऊ प्रधान स्कूटरवर आहेत, फक्त डंपरचा प्रधान चालत जातो.

संच पुण्यात मित्रमंडळींच्या एका प्रदर्शनात मांडला. पानं भिंतीवर लावावीत असा आयोजकांचा आग्रह होता, मी खाली चादर अंथरून पसरली. १५२७ मध्ये बाबरानं सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, ती काही त्यानं भिंतीवर टांगायला पाठवली नसणार. पहिला तासभर लोक चपला काढायच्या की नाही याचाच विचार करत होते. नंतर मात्र मुलं बसली, मग त्यांचे आजोबा बसले, आणि एक्का मोठा की दश्शी यावरून आवाज चढले. काही पानांच्या कडांची लाख त्या दोन दिवसांतच गेली. मामी गणपतीनंतर आली तेव्हा तिनं संच पूर्ण बघितला आणि एकच तक्रार केली, “माकडांचो राजा इतको देखणो कित्याक काढलंस गो?” दिवसा आमच्याकडे भाताचा राजा खेळ उघडतो, रात्री फुरशाचा. मामी रात्रीच खेळते आणि फुरशाचा राजा हटकून तिच्याकडेच असतो.

आता मोगली पद्धतीचा संच करायला घेतलाय. आठ रंग, ९६ पानं: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. हा मात्र कोकणाचा नाही, आमच्या सोसायटीचा. सफेद म्हणजे चांदीची नाणी, त्यांच्या जागी सुटे पैसे. बरात म्हणजे दरबारी देणीघेणी लिहिलेले कागद, त्यांच्या जागी मेंटेनन्सच्या पावत्या. शमशेरीच्या जागी काय घालायचं यावर सध्या जिन्यात चर्चा चालू आहे, आणि पार्किंगचं प्रकरण बघता तो रंग लवकरच सापडेल असं दिसतंय.