रिकामी बाही

शनिवार, रात्री साडेअकरा

कोएन बंधूंचा २०१० सालचा ‘ट्रू ग्रिट’ आज तिसऱ्यांदा पाहिला. या वेळी गेल्या रविवारी १९६९ सालचा, हेन्री हॅथवे यांनी दिग्दर्शित केलेला जुना ‘ट्रू ग्रिट’ मुद्दाम आधी पाहून घेतला होता, म्हणजे तुलना आठवणींच्या भरवशावर राहणार नाही. जुना चित्रपट मी नववीत असताना बाबांनी दाखवला होता. त्यांच्या लेखी वेस्टर्न म्हणजे जॉन वेन, आणि वेनने केलेली भूमिका दुसऱ्या कोणी करणे हाच मुळात आगाऊपणा. मीही नवा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो काहीशा त्याच आढ्यतेने. आज मात्र माझे मत पक्के झाले आहे. नवा चित्रपट सरस आहे, कारण नायिका मॅटीला जी किंमत मोजावी लागली ती तो लपवत नाही.

दोन्ही चित्रपट चार्ल्स पोर्टिस यांच्या १९६८ सालच्या कादंबरीवर आधारलेले आहेत, आणि कोएन बंधूंनी जुन्या चित्रपटाला नव्हे, तर कादंबरीला समोर ठेवले आहे. आर्कान्सामधल्या येल काउंटीतली चौदा वर्षांची मॅटी रॉस आपल्या वडिलांच्या खुनानंतर फोर्ट स्मिथला येते. खुनी टॉम चेनी इंडियन टेरिटरीत, म्हणजे चोक्टॉ या मूळनिवासी लोकांच्या मुलखात पळाला आहे. त्याला पकडून आणण्यासाठी ती रूस्टर कॉगबर्न या एका डोळ्याच्या, दारूत बुडालेल्या मार्शलला पैसे देऊन नेमते, आणि लबीफ नावाचा टेक्सासचा रेंजरही त्यांच्यासोबत निघतो.

कथा हीच असली तरी ती कोणाची, याचे उत्तर दोन्हींकडे वेगळे आहे. जुन्या चित्रपटातली मॅटी झालेली किम डार्बी त्या वेळी एकवीस वर्षांची होती, आणि सगळा चित्रपट रूस्टर झालेल्या वेनसाठीच मांडलेला होता. त्याला आयुष्यातले एकमेव अभिनयाचे ऑस्कर याच भूमिकेने मिळवून दिले. नव्या चित्रपटातली मॅटी, हेली स्टाइनफेल्ड, चित्रीकरणाच्या वेळी तेरा वर्षांची होती. घोड्यांचा व्यापारी स्टोनहिल याच्याशी ती वडिलांच्या तट्टांवरून जो वाद घालते, तो प्रसंग मी आज मागे नेऊन दोनदा पाहिला. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. वकिलाचे नाव मात्र अचूक वेळी पुढे येते, आणि समोरचा मुरलेला व्यापारी एकेक पायरी खाली उतरत जातो. इंग्रजी बोलताना सर्रास होणारे शब्दांचे जोड (‘डू नॉट’चे ‘डोन्ट’) या चित्रपटात जवळजवळ कोणीच करत नाही. प्रत्येक वाक्य पूर्ण, प्रत्येक शब्द सुटा, जणू उद्या ते कोर्टात वाचून दाखवायचे आहे. पोरक्या झालेल्या मुलीने भाषेलाच चिलखत केले आहे, हे मला आज प्रकर्षाने जाणवले. जवळपास प्रत्येक प्रसंगात असलेल्या या मुलीला ऑस्करसाठी ‘सहायक’ अभिनेत्रीचे नामांकन मिळावे, याचा मला अजूनही राग येतो. चित्रपटाला एकूण दहा नामांकने होती आणि पुरस्कार एकही मिळाला नाही.

जेफ ब्रिजेसचा रूस्टर इतका घोगऱ्या आवाजात पुटपुटतो की सबटायटल्सशिवाय मला अर्धे कळले नसते. पण ती तक्रार किरकोळ आहे. माझी खरी अडचण वेगळी आहे. फोर्ट स्मिथच्या फाशीच्या प्रसंगात दोन गोऱ्या गुन्हेगारांना शेवटचे बोलू दिले जाते, आणि तिसरा, मूळनिवासी माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच त्याच्या चेहऱ्यावर कापडी पिशवी चढते. त्या काळाचा न्याय तीन-चार सेकंदांत उघडा करणारे हे दृश्य फार धारदार आहे. मात्र पुढे ज्यांच्या भूमीवरून हे तिघे फिरतात त्या चोक्टॉ लोकांना हा चित्रपटही बोलू देत नाही, आणि हे मला खटकत राहिले.

जुना चित्रपट कोलोरॅडोच्या सोनेरी शरद ऋतूत चित्रित झाला आहे. तो दिसतो सुरेख, पण आर्कान्साच्या आसपास तसले पर्वतच नाहीत. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी टिपलेला नवा हिवाळा उघडाबोडका, करडा आहे, आणि त्यामुळेच शेवटची रात्र अंगावर येते. मॅटीला साप चावतो. रूस्टर तिला तिच्याच लिटल ब्लॅकीवर, तिने स्टोनहिलकडून घासाघीस करून घेतलेल्या घोड्यावर पुढ्यात धरून चांदण्यांखाली दौडत सुटतो. घोडा थकतो तेव्हा तो त्याला सुरीने टोचतो, आणि विष भिनत चाललेली ती मुलगी स्वतःच्या जिवापेक्षा घोड्यासाठी ओरडते. घोडा कोसळतो, रूस्टर त्याला गोळी घालतो आणि तिला उचलून धापा टाकत चालत राहतो.

जुन्या चित्रपटात मॅटीचा हात वाचतो, आणि शेवटी वेन कुंपणावरून घोडा उडवून निरोप घेतो. बाबांना तो शेवट प्रिय आहे. एवढी दौड झाल्यावर पोरीचा हात तरी ठेवायचा होता, असे ते नव्या चित्रपटाबद्दल म्हणाले होते. तेव्हा मला उत्तर सुचले नव्हते. आता वाटते की हात राहिला असता तर सूडाचा सगळा प्रवास एक साहसी सहल ठरला असता. नव्या चित्रपटात पंचवीस वर्षांनंतरची मॅटी अविवाहित, ताठ आणि एका हाताची आहे. रूस्टरला भेटायला ती मेम्फिसला जाते आणि तीन दिवस उशिरा पोहोचते. तो गेलेला असतो. ती त्याचा देह आपल्या घरच्या दफनभूमीत आणवते.

संगीतकार कार्टर बरवेल यांनी चित्रपटभर १८८७ सालच्या एका ख्रिस्ती स्तोत्राची चाल शब्दांवाचून खेळवली आहे. थडग्यापासून दूर निघालेली मॅटीची काळी आकृती लहान होत जाते आणि श्रेयनामावलीबरोबर आयरिस डिमेंटच्या आवाजात तेच स्तोत्र शब्दांसह सुरू होते. आधीच्या दोन्ही वेळी मी तोवर उठून दिवा लावला होता. आज बसून राहिले, आणि शब्द प्रथमच नीट ऐकले. ते देवाच्या चिरंतन बाहूंवर विसावण्याबद्दल आहेत.