काळ्या रंगाखाली

गणपतीला महिना असताना ती बत्ती माझ्याकडे आली. पन्नाशीचे एक चाकरमानी ती पोत्यात गुंडाळून घेऊन आले. "आजोबांची पेट्रोमॅक्स आहे. गणपतीत पेटली पाहिजे, बाकी काही नको." एवढंच मागणं होतं. पुढे जे झालं ते मी माझ्या मनाने केलं, म्हणून हे लिहितो आहे.

कोकणात पंप मारून पेटणाऱ्या प्रत्येक बत्तीला पेट्रोमॅक्सच म्हणतात. खरी पेट्रोमॅक्स बर्लिनच्या एहरिश अँड ग्रेट्झ कारखान्याची. तिच्या नकला इतक्या झाल्या, की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक 'जर्मन' बत्त्या आपल्याकडच्याच निघतात. त्यात कमीपणा नाही, त्यातल्या कितीतरी आजही झकास जळतात. फक्त वडिलोपार्जित म्हणून आणलेली बत्ती नक्कल आहे हे सांगताना समोरच्याचं तोंड उतरतं, ते मला बघवत नाही.

ही मात्र हातात घेताच वेगळी वाटली. चाक फिरवलं, त्यावरचा बाण वर आला, तशी पिन सरळ निपलाच्या, म्हणजे रॉकेलची वाफ सुटते त्या तोंडाच्या, भोकातून वर आली. इतक्या वर्षांनी पिन वाकडी नाही, म्हणजे वापरणाऱ्याला अक्कल होती. बाण खाली केला की पिन उतरते आणि रॉकेलला वाट मिळते. अडाणी माणूस तेच चाक दाबून पिळतो आणि पिन मोडून ठेवतो.

चाकरमान्यांनी बोलता बोलता सांगितलं, की बत्ती गोठ्याच्या माळ्यावर होती. ते ऐकून मी सावध झालो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि पितळेला आकार देताना त्यात राहिलेला ताण, हे त्याचं कारण १९२१ साली नक्की झालं. गोठ्यातही तोच अमोनिया. अशा टाकीला केसाएवढी चीर असली आणि आपण हवा भरून पेटवली, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून टाकीत नुसती हवा भरून पाण्याच्या टबात बुडवली. टाकीच्या अंगावर एकही बुडबुडा नाही. पंपाच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून मात्र हवा मागे येत होती. तिथला शिशाचा वायसर बदलला, पंपाचं चामडं रात्रभर तेलात मुरवलं. बर्नरची वाकडी नळी आणि निपल यांच्यातलं अंतर चौदा मिलिमीटर हवं, ते सतरा झालं होतं. हे अंतर चुकलं की हवा आणि वाफ नीट मिसळत नाहीत, मेंटल, म्हणजे उजेड देणारी जाळी, काळं पडतं आणि लोक रॉकेलला दोष देतात. एवढं झाल्यावर काम संपलं होतं.

पण टाकीवर काळ्या ऑइलपेंटचे दोन हात होते. हुड पत्र्याचा असतो, त्याला खाऱ्या हवेत रंग द्यावाच लागतो. टाकी पितळेची, वर निकेल. तिला रंग कशाला? मला छाप बघायचा होता. पेट्रोमॅक्सचा मॉडेल नंबर ८२९ आहे का, डी.आर.पी. ही जर्मन पेटंटाची अक्षरं आहेत का, नुसतं 'जर्मनी' आहे की 'पश्चिम जर्मनी', म्हणजे १९४९ नंतरची. न विचारता मी रंग काढायला घेतला. पॉलिश पेपर लावला नाही, द्रावण लावून लाकडी पट्टीने हळूहळू सोडवला.

८२९ निघाला. नुसतं 'जर्मनी' निघालं. मी एकटाच दुकानात मोठ्याने हसलो. मग टाकीच्या दुसऱ्या बाजूला टिंबं दिसू लागली, भांड्यावर नाव घालतात तशी. देवाचं नाव, 'देवस्थान', गावाचं नाव, सन १९५४. देव आणि गाव इथे लिहीत नाही.

देवळाची बत्ती यांच्या घरी कशी आली? वीज आल्यावर देवस्थानाने जुन्या बत्त्या पावणीला काढल्या असतील, आजोबांनी बोली लावून घेतली असेल. किंवा जत्रेत बत्त्या पेटवायचं काम त्यांचं असेल आणि सांभाळायला घरी नेलेली तशीच राहिली असेल. दोन्ही पटतं. पण मग दोन हात काळा रंग?

न्यायला चाकरमानी आले, सोबत गावात राहणारी त्यांची आत्या, ऐंशीच्या पुढची. मी बत्ती पेटवून दाखवली. आधी स्पिरिट, मग पंप, मग फुरफुर होऊन मेंटल एकदम पांढरं झालं. पुतणे मोबाइलवर व्हिडिओ घेऊ लागले. आत्याने टाकीवरून बोट फिरवलं आणि अक्षरं एकेक करून वाचली.

"बाबा कोणाक हात लावूक देत नसत," ती म्हणाली. "घरात कधी पेटवक नाय. जत्रेच्या राती खळ्यात पेटवायचे, आणि एकटेच बसायचे."

पुतण्यांनी विचारलं, "हे बफ करून काढता येईल का?" मी म्हटलं, येईल, पण मी करणार नाही. हे मी रागाने बोललो. टाकीला भोक पाडून आत बल्ब बसवून मागणारी गिऱ्हाइकं रोज भेटतात, तो राग या पुतण्यांवर निघाला. त्यांचा काही दोष नव्हता.

आत्याने मला विचारलं, "रंग तुया काढलंस?"

"होय काकी."

"परत देवक येयत?"

"येयत."

ती बराच वेळ उजेडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता विझव. हयच ऱ्हवांदे."

गणपती होऊन गेले. जत्रा कार्तिकात आहे. बत्ती माझ्या फळीवर आहे, शेजारी काळ्या रंगाचा न उघडलेला डबा. दर आठ दिवसांनी मी तिच्यात थोडी हवा भरून ठेवतो आणि सकाळी दाबाचा काटा बघतो. अजून उतरलेला नाही.