विंडोज नव्याने टाकण्याआधी: दोन संध्याकाळची तयारी

विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. घरचा लॅपटॉप अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, म्हणजे विंडोज 11 चालण्याजोगा. आहे त्यावरच अपग्रेड न करता मी सगळं पुसून नव्याने टाकायचं ठरवलं. इन्स्टॉल तासाभराच्या आत आटोपलं. तयारीला मात्र दोन संध्याकाळी गेल्या. फोटो आणि कागदपत्रं सगळेच आठवणीने काढून ठेवतात. हरवतं ते फाइल म्हणून डोळ्यांसमोर नसलेलं.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमने एसएसडीची, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या डिस्कची, प्रकृती पाहिली. डिस्कच खराब व्हायला लागली असेल तर नवं विंडोज टाकून काही साधत नाही.

बाहेरच्या डिस्कवर कॉपी करण्यासाठी रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कमांड वापरली आणि त्याचे दोन स्वभाव आधीच लक्षात घेतले. एखादी फाइल वापरात असली की ते मुळात 10 लाख वेळा पुन्हा प्रयत्न करतं, दर वेळी 30 सेकंद थांबून. म्हणून प्रयत्नांची संख्या ठरवणारा आर आणि थांबायचे सेकंद ठरवणारा डब्ल्यू हे कमांडला जोडायचे दोन्ही स्विच (पर्याय) 1 वर ठेवले. दुसरं म्हणजे, युझर फोल्डरमध्ये स्वतःकडेच परत नेणाऱ्या लपलेल्या जोडण्या असतात; त्या वगळणारा एक्सजे स्विच दिला नाही तर कॉपी गोल गोल फिरत राहते आणि बाहेरची डिस्क भरून जाते.

वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत ढगाचं चिन्ह असलेल्या फाइल लॅपटॉपवर नसतातच, फक्त नावं दिसतात. ज्या हव्या होत्या त्यांवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ केलं आणि हिरवी खूण येईपर्यंत थांबले.

क्रोमचं प्रोफाइल फोल्डर उचलून ठेवल्याने पासवर्ड परत मिळत नाहीत, कारण त्यांची किल्ली जुन्या विंडोज खात्याशी बांधलेली असते. सिंक चालू आहे ना ते तपासावं, नाहीतर एक्स्पोर्ट करावं. एक्स्पोर्टची फाइल कोणालाही वाचता येते, त्यामुळे काम झाल्यावर ती लगेच पुसावी.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी फॉन्टकडे खास लक्ष द्यावं. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पत्रं फॉन्ट नसेल तर नुसती निरर्थक अक्षरं दाखवतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरबरोबर युझर फोल्डरमधल्या लपलेल्या अ‍ॅपडेटाच्या आतलं फॉन्ट्स फोल्डरही घ्यावं. एकाच युझरसाठी टाकलेले फॉन्ट तिथे जातात. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर डेटाचा बॅकअप घेऊन लायसन्स आधी सरेंडर करावं, म्हणजे या लॅपटॉपवरून सोडवून घ्यावं.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारं साधन. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. नंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं की निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. बायोसला हात लावण्याआधी मी ती खात्यातून काढून कागदावर उतरवली. ही रिकव्हरी की त्याच लॅपटॉपवर सेव्ह करण्यात अर्थ नाही.

सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर विंडोजची आवृत्ती होम आहे का प्रो तेही पाहून ठेवलं. विंडोजसह आलेल्या लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच विंडोजची लायसन्स की असते. सेटअप ती वाचून न विचारता तीच आवृत्ती टाकतो. प्रो वेगळं घेतलं असेल तरी होमच पडू शकतं.

सर्वांत जास्त अडतं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे विंडोजला एखादा भाग ओळखायला लावणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरपाशी. इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलला किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. पण अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपवर व्हीएमडी ही डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय चालू असते, आणि त्याचा ड्रायव्हर नसेल तर सेटअपला डिस्क दिसतच नाही. यादी रिकामी! लोक एसएसडी गेली असं समजून दुकान गाठतात. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरून मॉडेलप्रमाणे स्टोरेज ड्रायव्हर घेऊन तो उलगडून पेनड्राइव्हवर ठेवावा. सेटअपला आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर लागतं, ईएक्सई चालत नाही. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण मग जुनं विंडोज सहसा सुरू होत नाही, म्हणून बॅकअप पूर्ण झाल्याशिवाय ते करू नये. वायफायचा ड्रायव्हरही बरोबर घेतला. तो चुकलाच तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करावं, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यावं.

पुसण्याआधी बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून वेगवेगळ्या फोल्डरमधल्या दहा-बारा फाइल उघडून पाहिल्या आणि मग ती डिस्क बाजूला ठेवली. चार्जर लावला. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेनू लागतो; त्याचं बटण डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ12, एचपीवर एफ9, आसुसवर एस्केप. पार्टिशनच्या यादीत 512 जीबीची एसएसडी साधारण 476.9 जीबी दिसते. डिस्क या आकड्यावरून ओळखावी. डी ड्राइव्ह बहुतेक लॅपटॉपवर त्याच डिस्कचा तुकडा असतो, सगळी पार्टिशनं काढली की तोही जातो. माझ्या डी ड्राइव्हची कॉपी झालेली होती, म्हणून 100 एमबीच्या सिस्टिम पार्टिशनसकट सगळं डिलीट केलं आणि उरलेल्या एकाच मोकळ्या जागेवर नेक्स्ट दाबलं.