आज माझा गिदोन झाला

सकाळी चर्चला निघायच्या गडबडीत पाळकसाहेबांचा फोन, आज तरुण संघात संदेश तूच दे, ज्यांचा नंबर होता ते तापाने झोपलेत. म्हटलं साहेब मला नाही जमणार, मी आपला खुर्च्या मांडणारा, माईक लावणारा माणूस. ते म्हणाले बायबलमधलं शास्ते पुस्तक, सहावा अध्याय वाच आणि फोन ठेवला पण!

रिक्षात बसून वाचलं. गिदोन नावाचा इस्राएली माणूस लूटमार करणाऱ्या मिद्यानी लोकांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडतोय आणि देवदूत त्याला हाक मारतो बलवान वीरा म्हणून. अरे लपलेल्याला वीर?? हसूच आलं. तो पण माझ्यासारखीच कारणं देतो, आमचं कूळ दुबळं, घरात मी सगळ्यात लहान वगैरे. पुढे मिद्यान्यांशी लढायला 32,000 लोक जमले तर देव म्हणतो जास्त झाले, भित्रे 22,000 घरी गेले, शेवटी उरले 300. आपलं उलटं असतं, आधी माणसं जमू देत मग बघू.

माईक घेतला तर हात इतका थरथरत होता की तो दातावरच आपटला, पोरं खिदळली. मग सरळ सांगून टाकलं की घाबरलोय. पंडिता रमाबाईंचं बोललो, 1896-97 च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या, तेव्हा केडगावला, जिथे त्यांना ठेवलं, धड इमारती पण नव्हत्या. अर्धी पोरं मोबाईलमध्येच होती, असो.

चहाच्या वेळी मागच्या रांगेतला एक, जो कधीच बोलत नाही, येऊन म्हणतो दादा पुढच्या रविवारी प्रार्थना मी करू का. म्हटलं कर, फक्त माईक जरा लांब धर.