जास्तीचे चार तास

कोल्हापूर, २ डिसेंबर

बोटीवरून उतरून सहा दिवस झाले, तरी सकाळी दात घासताना मोरीतली फरशी हळूच डावीकडे कलल्यासारखी वाटते. ह्यांनाही तसेच होते, पण ते कबूल करत नाहीत.

उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरणारी पर्यटक जहाजे हिवाळ्याच्या तोंडावर कॅरिबियन बेटांकडे नेली जातात, आणि या एकेरी फेरीत बंदरे कमी नि नुसते पाणीच जास्त असल्यामुळे तिकीट त्या मानाने स्वस्त पडते. आम्ही बार्सिलोनाला चढलो, मदेरा बेटावरच्या फुंशाल बंदरात एक दिवस थांबलो आणि तिथून बार्बाडोसपर्यंत, सुमारे २,६०० सागरी मैल, सहा दिवस जमीन म्हणून दिसली नाही. जहाजाचा वेग १८ नॉट, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटर. "सांगलीची एसटी याच्या पुढे जाईल," हा ह्यांचा शेरा.

एजंटाने खिडकीची खोली कबूल करून आतली, बिनखिडकीची खोली दिली होती. दिवा मालवला की दिवस आहे की रात्र हेच कळेना. शेवटी ह्यांनी टीव्हीवर जहाजाच्या नाकाडावरच्या कॅमेऱ्याचे चित्र लावून आवाज बंद केला, आणि तीच आमची खिडकी झाली.

खरा तंटा घड्याळाचा होता. शिरोलीतली फौंड्री मुलाच्या हाती देऊन तीन वर्षे झाली, तरी सकाळी नऊच्या ठोक्याला फोन करून भट्टीची चौकशी केल्याशिवाय ह्यांना चहा गोड लागत नाही. म्हणून मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवले होते. फुंशालला त्यांनी ते काढून माझ्यासमोर उलटे धरले: नऊ वाजलेले घड्याळ उलटे केले की साडेतीन दिसतात, आणि मदेराची वेळ आपल्याहून नेमकी साडेपाच तास मागे. गंमत छान होती, पण पहाटे साडेतीनला गजर वाजला तेव्हा पस्तीस वर्षांच्या संसारात बोलले नसेन इतके मी बोलले.

पश्चिमेकडे जाताना दर १५ रेखांशांमागे एक तास मिळतो. सहा रात्रींपैकी चार रात्री जहाजाची घड्याळे तासभर मागे घेतली गेली, आणि तो दिवस पंचवीस तासांचा झाला. उलट्या घड्याळाची युक्ती पहिल्याच रात्री मोडली. आपल्याकडचे नऊ बोटीवर आता अडीचला वाजू लागले, मग दीडला, मग साडेबाराला. बँकेतल्या माझ्या नोकरीत आणि ह्यांच्या भट्टीच्या पाळ्यांत आम्हां दोघांना एकाच वेळी रिकामा तास मिळाल्याचे मला आठवत नाही; इथे तो आयता मिळाला आणि त्याचे काय करावे हेच सुचेना. पहिला तास आम्ही भांडण्यात घालवला, दुसरा झोपेत. तिसऱ्या रात्री पत्ते काढले. ह्यांना रमीत लबाडी करता येत नाही, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते.

शेवटच्या रात्री डेकवर बसलो होतो. ईशान्येचे व्यापारी वारे पाठीमागून जहाजाच्याच बेताच्या वेगाने वाहत होते, त्यामुळे डेकवर पदरही हलत नव्हता. पायाखाली इंजिनाची थरथर तेवढी जाणवत होती, आणि ती फौंड्रीतल्या ब्लोअरसारखी आहे असे हे सांगत होते. बोटीवर साडेअकरा, म्हणजे शिरोलीत नऊ. ह्यांनी मनगटाकडे पाहिले, स्वेटरची बाही खाली ओढली आणि पत्ते पिसायला घेतले.

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शिरोलीहून मुलाचाच फोन आला. "पप्पा, बरे आहात ना? फोन नाही आला."

"बरा आहे," हे म्हणाले. "नऊ वाजले का?"