सासूबाईंच्या हाताचं माप

मे महिन्यातला शनिवार होता. दुकानात उन्हाळी शिबिराच्या पोरांची झुंबड, आणि मी एका रॅकेटचं गटिंग करत, म्हणजे तिची जाळी विणत, बसलेलो. रॅकेट एकदा मशीनवर चढवली की मधे उठता येत नाही. त्यामुळे काउंटरवरच्या आमच्या पोराचं बोलणं मला अर्धवटच ऐकू आलं. "बोल्सचा सेट? ताई, तो तुळशीबागेत बघा."

"अहो, वाट्या नकोत," बाई म्हणाल्या. "खेळायचे बोल्स. हॉलमध्ये खेळतात ते."

टिळक रोडवर तीस वर्षं खेळाचं सामान विकतोय. बोल्सची चौकशी त्याआधी झाली होती ती २०२२च्या ऑगस्टमध्ये. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लॉन बोल्समध्ये, म्हणजे हिरवळीवरच्या बोल्समध्ये, लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून सुवर्ण आणलं, तेव्हा दोघंतिघं 'ते गोळे दाखवा' म्हणून आले. बघितले, हातात घेऊन 'बापरे, केवढे जड' म्हणाले आणि शटलकॉक घेऊन गेले.

म्हणजे गोळे होते माझ्याकडे. आहेत. वडिलांनी कॅम्पातल्या कुणाच्या तरी घरातलं जुनं सामान घाऊक उचललं होतं, त्यात चार काळे लाकडी गोळे आले. लाकूड असं की पाण्यात टाकलं तर बुडतं. एकाला बारीक चीर गेली आहे, म्हणून ते पोटमाळ्यावर पडून.

बाई कोथरूडच्या. सासूबाई थोरल्या मुलाकडे कार्डिफला सहा महिने राहून आल्या होत्या. तिथे थंडीपावसात बाहेर पडायची सोय नाही, म्हणून शेजारीण त्यांना एका हॉलमध्ये घेऊन जायची. सहा फूट रुंद आणि चाळीस-पंचेचाळीस फूट लांब गालिचा, मधोमध आडवा लाकडी ठोकळा. त्याला न शिवता वळसा घालून गोळा पलीकडच्या पांढऱ्या छोट्या चेंडूच्या, म्हणजे जॅकच्या, जवळ न्यायचा. इथे आल्यापासून विषय तोच. आता पंचाहत्तरी आलीय, तर गुपचूप सेट आणून द्यायचा, असा बाईंचा बेत.

माझं मत विचाराल तर खेळाचं सामान आणि चप्पल ज्याची त्याने पायाने, म्हणजे हाताने, घ्यावी. सरप्राइज द्यायचं तर साडी द्या. पण गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगून धंदा होत नाही. मी विचारलं, "हाताचं माप काय त्यांच्या?"

"बांगडी अडीचची लागते."

कासाराला ते पुरतं, मला नाही. दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना टेकवायचे आणि मधली बोटं गोळ्याच्या पोटाभोवती फिरवून पलीकडे टेकवायची. सहज टेकली तर माप बरोबर. अंतर राहिलं तर गोळा मोठा, सोडताना हातातून निसटणार. मी म्हटलं, त्यांना न कळता दोन्ही पंजांचा आराखडा कागदावर काढून आणा.

मंगळवारी त्या आल्या. नातवाच्या शाळेचा प्रकल्प आहे अशी थाप मारून वहीच्या पानावर पेन्सिलीने दोन्ही पंजे गिरवून घेतले होते. मी फूटपट्टी लावली. डावा पंजा अंगठ्याच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अठरा सेंटिमीटरच्या किंचित वर. दोन्ही हात धरून साधारण साडेछत्तीसचा घेर, म्हणजे व्यास साडेअकराच्या आसपास. लहानातलं माप. माझे काळे गोळे बारा पूर्णांक चारचे, ते बाद.

मग उजवा पंजा बघितला. मधलं बोट आखूड आलं होतं, आणि रेघ दुसऱ्या पेराशी आत वळून परत बाहेर आली होती. "नातवाचा हात हलला का?"

"नाही, मी स्वतः गिरवलंय."

"मग ते बोट सरळ होत नसणार."

त्या कागदाकडे बघत राहिल्या. "पोळ्या तर रोज लाटतात," एवढंच म्हणाल्या.

सरप्राइज तिथेच संपलं. गुरुवारी दोघी आल्या. मी पोटमाळ्यावरचा एक गोळा नुसता दाखवायला काढला. आजींनी तो दोन्ही हातांत घेऊन आधी बाजू बघितल्या. एका बाजूला बारीक वर्तुळ असतं, दुसऱ्या बाजूला मोठं. गोळा पूर्ण गोल नसतो, आकारातच एका बाजूला कललेला असतो, आणि बारीक वर्तुळाच्या बाजूला वळतो. आत शिसं भरलेलं असतं असं लोक सांगतात. ते जुन्या काळी, आता सगळी करामत आकाराची. आजींनी बारीक वर्तुळ आत घेतलं, एक पाय पुढे टाकून वाकल्या आणि गोळा फरशीवर सोडला. फेकला नाही, ठेवल्यासारखा सोडला. तो कॅरम बोर्डांच्या थप्पीपर्यंत सरळ गेला, वेग कमी झाला तसा कडेकडेने आत यायला लागला आणि ट्रेडमिलखाली जाऊन थांबला. शिबिराची पोरं गप्प.

"फार वळतोय," आजी म्हणाल्या. "तुमची फरशी गुळगुळीत आहे. गालिच्यावर कमी वळणारा घ्यावा लागेल. आणि हा मला मोठा आहे, बोट पुरत नाही." बोटाचा उल्लेख त्यांनी असा केला, जणू दुकानातल्या कुणाचं तरी बोट.

मी ऑर्डरवही काढली. सगळ्यांत लहान माप, कमी वळणाचा, चार गोळे, एक जॅक. गालिच्याचं सोसायटीच्या हॉलमध्ये बघू, असं ठरलं. फ्लॅटच्या दिवाणखान्यात पंचेचाळीस फूट कुठून आणणार?

"आणि चार घेऊन मी एकटी काय करू?" आजींनी विचारलं. "समोरच्याचे चार लागतात ना."

सुनेने काउंटरवरचा काळा गोळा उचलला, अंगठे टेकवले आणि बोटं फिरवली. अर्धं पेर कमी पडलं. "काका," ती म्हणाली, "माझंही माप घ्या."

मी दोन सेट लिहिले, दोन मापांचे. रंग मुद्दाम वेगळे लिहिले, नाहीतर जॅकजवळचा गोळा कुणाचा यावरून सासू-सुना माझ्या दुकानात निवाड्याला यायच्या.